चिखलदऱ्याकडची पायी जंगल-फेरी : गाईड घ्याच, पण कॅश सोबत ठेवा

चिखलदऱ्याच्या अलीकडं एका कोरकू गावातले दोन-तीन पोट्टे मिळून दिवसभराची पायी फेरी नेतात. गावातून निघायचं, नाल्यात उतरायचं, दुसऱ्या अंगानं चढून पठारावर यायचं आणि कडेकडेनं परत गावात. डिसेंबरात आम्ही अमरावतीहून पाच जण गेलो होतो. यांचा बोर्ड नाही, पेज नाही, रिव्ह्यू कुठंच सापडत नाही, म्हणून लिहून राहिलो.

माणशी 500 रुपये, जेवणाचे 150 वेगळे. पैसे वसूल. पण ते रस्ता दाखवायचे पैसे नाहीत बरं, रस्ता काय, अर्धी बैलगाडीची वाट अन् अर्धी गुरांची, नीट डोळे उघडे ठेवले तर कोणालाही सापडेल. पैसे आहेत ते आदल्या दिवशीच्या फोनचे.

फोनवर आमच्या गाईड पोट्ट्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "भाऊ, तुमच्यात सगळ्यात हळू चालनारं कोन हाय?" कोणी किती ट्रेक केले, शूज कोणते, हे काहीच नाही. आमच्यात आमच्या काकू, 58 वर्षांच्या, चालतात बिनधास्त पण गुडघा कुरकुरते. लगेच दुसरा प्रश्न, चढताना दुखते का उतरताना? उतरताना. "मंग आपन फेरी उलटी फिरू." नेहमीच्या फेरीत म्हणे कड्याजवळची उभी वाट उतरून नाल्यात जातात अन् बैलगाडीच्या वाटेनं सावकाश वर येतात. आमच्यासाठी त्यानं ते फिरवलं, सकाळी गाडीवाटेनं आरामात खाली आणि मग उभी वाट चढायची. मी म्हटलं, अरे मग ऐन उन्हात चढ लागेल ना, तर तो म्हणे ते अंग उत्तरेकडं हाय, हिवाळ्यात तिथं दुपारपर्यंत सावली राह्यते. आणि खरंच होती. एवढा विचार मी पैसे भरलेल्या मोठ्या ग्रुपच्या ट्रेकमध्येही पाहिला नाही, तिथं एकच रूट, एकच टायमिंग, सगळ्यांना सारखं हाकलतात.

वेळेचं त्याचं गणितही वेगळंच. मी घरी बसून नाइस्मिथचा नियम लावून पाहिला होता (1892 मधला स्कॉटिश गिर्यारोहक, दर 5 किलोमीटरला 1 तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी 1 तास). आपली फेरी साधारण 11 किलोमीटर, चढ 400 मीटरच्या आसपास, म्हणजे तीन तासांच्या आतच आटोपते, मग दहाला निघालो तरी चालेल असा माझा हिशोब. तो म्हणे सहा तास धरा, साडेसातला निघू. थांबणं, फोटो, काकू, पाणी पिणं, दगडावर बसून गप्पा, हे सगळं त्या नियमात नसते, त्यामुळे त्याचंच बरोबर निघालं, दीडच्या सुमारास आम्ही ताटावर होतो. डिसेंबरात इकडं पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडते आणि दरीत त्याच्याही आधी अंधारून येते. चारनंतर तो कोणालाच रानात थांबू देत नाही. कारण वाघ नाही, अस्वल. वाघ माणसाची चाहूल लागली की सहसा बाजूला होते, पण अस्वलाच्या अंगावर आपण अचानक गेलो तर ते थेट धावून येते, म्हणून घाणेरीच्या दाट झुडपांपाशी आला की हा पोट्टा मुद्दाम मोठ्यानं बोलायचा अन् काठी दगडावर आपटायचा. आम्हाला आधी वाटलं उगाच हवा करून राहिला.

पाणी माणशी 3 लिटर सांगितलं होतं आणि निघताना बाटल्या मोजल्या. नाल्यात डोह होते, पण ते पाणी हिशोबात धरू नका म्हणाला. बुटांबद्दल मात्र फोनवरच नीट सांगायला पाहिजे होतं. डिसेंबरात सागाची पानं गळायला लागलेली असतात, ताटाएवढाली वाळकी पानं एकावर एक पडलेली, उतारावर पाय ठेवला की खालून पाटच सरकवल्यासारखं होते. ज्यांच्या बुटांचे तळवे घासलेले होते ते दोघं बसत-बसत उतरले. आणि कुसळ! जाळीदार बूट अन् आखूड मोजे घालून जाऊ नका बाप्पा, गवताची कुसळं मोज्यात आडवी शिरतात, उलटी ओढली तर तुटून आत राहतात, ज्या दिशेनं घुसली त्याच दिशेनं काढायची असतात. हे त्यानं दाखवलं, पण तेव्हा माझे घोटे आधीच लाल झाले होते.

चढून पठारावर आलो की समोर लांबवर गाविलगड दिसते. त्यानं तिथं बसवून 1803 ची लढाई सांगितली, आणि वाटेशी जोडून सांगितली म्हणून ती डोक्यात बसली. दक्षिणेकडून नुसता कडा, सैन्य चढणार कुठून, सलग जमीन आहे ती उत्तरेकडूनच. म्हणून इंग्रजांनी जड तोफा डोंगरदऱ्यांतून, स्वतः रस्ता करत, हातानं ओढत उत्तरेच्या बाजूला नेल्या, आणि 15 डिसेंबरला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं किल्ला घेतला. आपण पाठीवर तीन लिटर पाणी घेऊन धापा टाकून राहिलो होतो, तिथं तोफा! काकू म्हणाल्या, "अन् त्यायचे गुडघे?"

एक गोष्ट आवडली. आमच्यातल्या एकाला थोडं आतपर्यंत जाऊन यायचं होतं, पाचशे जास्त देतो म्हणाला. साफ नाही म्हणाला पोट्टा. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, ही फेरी कोअरच्या (प्रकल्पाच्या आतल्या राखीव भागाच्या) बाहेरूनच जाते आणि तो बाहेरच राहिला. काडेपेटीही निघतानाच ठेवून घेतली. आगीचा सीझन सरकारी हिशोबानं 15 फेब्रुवारीपासून असते, पण वाळक्या पाल्याला तारीख कळत नाही हे त्याचं म्हणणं.

जेवण त्याच्याच घरी. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा आणि कुटकीचा (बारीक दाण्याचं भरडधान्य) भात. कुटकी मी पहिल्यांदाच खाल्ली, वरणासोबत मस्त लागते, दोनदा घेतली. भाजीत तेल जरा जास्त होतं, पण चालून आल्यावर कोण बोलते.

आता कुरकुर. गावात रेंज येत-जात राहते, त्यामुळे यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका, आमचं पेमेंट चार वेळा गोल-गोल फिरलं आणि शेवटी सगळ्यांचे खिसे झाडून पैसे गोळा केले. फर्स्ट एडच्या नावावर एक क्रेप बँडेज अन् हळद, एवढंच. आपलं सामान न्या, ओआरएस पण. बायकांसाठी बाथरूमची सोय फक्त त्याच्या घरी, मधात सहा तास काही नाही, हे आधी सांगत नाहीत आणि सांगायला पाहिजे. दहा वर्षांखालची पोरं असतील तर उभी वाट सोडून गाडीवाटेनंच जाऊन-येऊन करतात, पण पैसे तेवढेच घेतात, ते मला पटलं नाही.

बुकिंगसाठी चिखलदऱ्यात चहाच्या टपरीवर विचारा, नंबर मिळते. फोन संध्याकाळी सातनंतरच लावा, दिवसा ते रानात असतात अन् लागत नाही. डिसेंबरातल्या शनिवार-रविवारसाठी आठवडाभर आधी सांगून ठेवा, आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याचं नाव लपवू नका.