पावतीवर ‘ऑल पिव्हट्स’, आत मागच्या पावसाळ्याचा चिखल

फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली सायकल असेल आणि पावसाळा संपल्यावर सर्व्हिसिंगला टाकायच्या बेतात असाल, तर आधी हे वाचा. चेन बदलली की ती दिसते, ब्रेक पॅड बदलले की ते दिसतात. पिव्हट म्हणजे सायकलचा मागचा भाग वरखाली हलतो तो सांधा. त्याचं बेअरिंग मात्र फ्रेमच्या पोटात बसलेलं, वरून बोल्ट. आत काय गेलं ते मेकॅनिकलाच ठाऊक.

माझी सायकल पाऊसभर वेताळ टेकडीच्या चिखलात फिरलेली. चढाला पायडल मारलं की मागून करकर. पुण्यातल्या एका बऱ्यापैकी चालणाऱ्या दुकानात दिली. पावतीवर ‘ऑल पिव्हट्स, मॅक्स बेअरिंग, ग्रीसिंग, लेबर’ आणि खाली ९,४०० रुपये. सायकल चकाचक होऊन आली. प्रत्येक सांध्याच्या कडेने हिरवंगार ग्रीस डोकावत होतं. आता वाटतं, ते डोकावण्यासाठीच लावलं होतं.

करकर थोडे दिवस गप्प बसली आणि परत सुरू झाली. मग घरीच उघडायला घेतली. मागचं चाक काढलं, शॉक सोडवला आणि मागचा ट्रँगल, म्हणजे चाक धरणारा फ्रेमचा मागचा भाग, हाताने वरखाली करून पाहिला. बेअरिंग धड असतील तर तो कुठेही न अडता हलतो. माझा मध्येच अडकत होता, आणि हाताला बारीक रेती लागावी तशी खरखर.

वरच्या लिंकेजमधली, म्हणजे जोडपट्टीतली बेअरिंग खरंच नवी होती. ब्लेडच्या टोकाने रबरी सील उचललं, तर आत पिंजऱ्यातले छर्रे आणि ग्रीसचा नुसता हात फिरवलेला. सीलवर ६९०२ हा आकडा, म्हणजे १५ बाय २८ बाय ७ मिलिमीटर. माप बरोबर, पण पुढे मॅक्स वगैरे काही नाही. मॅक्समध्ये पिंजरा नसतो, त्या जागेतही छर्रेच भरलेले असतात. पिव्हट पूर्ण फिरत नाही, काही अंश पुढेमागे डोलतो. त्यामुळे सगळा मार रेसच्या, म्हणजे छर्रे धावतात त्या खाचेच्या, त्याच त्याच जागी बसतो, आणि छर्रे जास्त असले की तो वाटला जातो. ग्रीसही ठासून भरावं लागतं. गरगर फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये इतकं भरलं तर ते तापेल, पण इथे वेगच नाही. उलट पाणी शिरायला जागा उरत नाही.

खरा प्रकार क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या मागे होता. मेन पिव्हटला हात घालायचा तर माझ्या सायकलला आधी क्रँक उतरवावा लागतो. तो उतरवला, तर बोल्टच्या षटकोनी खाचेत वाळलेला चिखल गच्च बसलेला. त्यात ॲलन की गेलीच नव्हती. चिखल टोकरून बोल्ट काढला, सील उचललं, तर ग्रीसच्या जागी तांबडा लगदा आणि आतली रिंग बोटाने फिरेना. बाहेरून स्प्रे मारला असणार. त्याने आवाज तेवढ्यापुरता दबतो, आणि उरलंसुरलं ग्रीसही पातळ होऊन जातं.

मालकाला फोटो दाखवले.

“सर, मेन पिव्हट पॅकेजमध्ये येत नाही.”

“मग पावतीवर ‘ऑल’ कशाला?”

“ते कॉम्प्युटरमधून तसंच येतं.”

“आणि जुनी बेअरिंग?”

“भंगारात गेली.”

तेव्हा सायकल देतानाच सांगून ठेवा, जुनी बेअरिंग पिशवीत घालून परत हवीत. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून फ्रेमवर येईल अशी पेंट मार्करची बारीक रेघ ओढा आणि फोटो काढून ठेवा. रेघ जशीच्या तशी परत आली तर समजून जा. बेअरिंग काढायला पुलर आहे का, हेही विचारा. हातोडीने ठोकून काढलं की फ्रेममधलं भोक बिघडतं, आणि नवं बसवताना बाहेरच्या रिंगऐवजी आतल्या रिंगवर दाब दिला तर छर्ऱ्यांचे खळगे रेसवर पहिल्याच दिवशी उठतात. हे ऐकून मेकॅनिक वैतागला तर वैतागू दे.

मला बऱ्याच हुज्जतीनंतर लेबरचे पैसे यूपीआयने परत मिळाले, बेअरिंगचे नाहीत. पावती आणि चिखल भरलेल्या बोल्टचा फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, म्हणजे १९१५ कडे, तक्रार केली आहे. दुकानाचं उत्तर अजून यायचंय.