वेव्हर्ली: क्लाइडवरची चाकांची आगबोट

समुद्रात प्रवासी नेणाऱ्या, दोन्ही बाजूंच्या मोठ्या चाकांनी पाणी ढकलत चालणाऱ्या आगबोटींपैकी जगात आता ही एकच उरली आहे. ‘वेव्हर्ली’ १९४६ साली पाण्यात उतरली आणि १९७४ साली अवघ्या एका पौंडाला जतन संस्थेकडे आली. उन्हाळ्यात ती स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीवरच्या ग्लासगोहून डनून, लार्ग्ज, रॉथसे अशा किनाऱ्यावरच्या गावांना सहली नेते.

तिकिटाचे पैसे वसूल होतात ते इंजिनाशी. मुख्य डेकवर त्याच्या दोन्ही अंगांना बोळ आहेत, तिथून सगळं उघडं दिसतं. २४, ३९ आणि ६२ इंच व्यासाचे तीन सिलिंडर. एकातून निघालेली वाफ पुढच्यात जाते, म्हणून प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. दट्ट्याची धाव ६६ इंच. पण हे बघायला धक्का जवळ आल्यावर जा. ब्रिजवरून टेलिग्राफची, म्हणजे इंजिनवाल्याला हुकूम पोचवणाऱ्या यंत्राची, घंटा वाजते, इंजिनवाला हातानं वाफ तोडतो, तेलानं चकाकणारे ते अजस्र दांडे क्षणभर थबकतात आणि उलटे फिरू लागतात. नेमकी याच वेळी गर्दी उतरायच्या शिडीकडे पळते, याचं फार वाईट वाटतं.

धक्का चुकण्याची तयारी मात्र हवी. दोन्ही चाकं एकाच आसावर आहेत, त्यामुळे एक पुढे आणि एक मागे फिरवून बोट जागच्या जागी वळवता येत नाही. त्यात तळ उथळ. आडवा वारा जोरात असला की बोट धक्क्यावरून ढकलली जाते आणि कप्तान तो थांबा सोडून देतो. ते योग्यच आहे. देखावा बघायला सगळे एका कठड्याशी जमले तरी बोट कलते. मग एक चाक खोल बुडतं, दुसरं उचललं जातं आणि सुकाणू जड होतं. म्हणून पांगायला सांगितलं तर लगेच पांगा.

वारा मागून असेल तर धुराड्यांचा धूर डेकवर उतरतो, तेव्हा जागा बदलावी. पुढच्या डेकवर जुलैतही वारा बोचतो, विंडचीटर न्याच. खालच्या उपाहारगृहाचे जिने उभे आहेत. शिडीचा उतार भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो, तेव्हा व्हीलचेअर असेल तर आधी विचारून घ्या. रॉथसेला परतीची बोट चुकली तर फेरीनं वीमिस बेला उतरा, धक्क्यालगतच ग्लासगोची ट्रेन मिळते.