‘बर्थ’ला मराठीत काय लिहायचं: जन्म, प्रसूती की बाळंतपण?

गरोदर बायांसाठीचं इंग्रजी माहितीपत्रक मराठीत आणायला घेतलं की ‘बर्थ’ दर दोन ओळींनी आडवा येतो. तो तसाच देवनागरीत उतरवू नये. सोलापुरात ‘बर्थ’ म्हटलं की सिद्धेश्वर एक्स्प्रेसमधला खालचा का वरचा, एवढंच सुचतं. उरतात तीन शब्द.

‘जन्म’ हा बाळाचा. जन्मतारीख, जन्मदाखला, जन्मदर, जन्मखूण इथे दुसरं काही शोधायची गरज नाही. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे २१ दिवसांत कळवायचा असतो तोही जन्मच. जुळी झाली तर बाळंतपण एक, पण जन्माच्या नोंदी दोन. ‘बर्थ कंट्रोल’ मात्र ‘जन्म नियंत्रण’ नव्हे. र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ साली केंद्र काढलं, तेव्हापासून ‘संततिनियमन’ हा शब्द रुळलेला आहे.

घोटाळा होतो तो आईकडे वळल्यावर. इंग्रजीत आई आणि बाळ दोघांना एकच शब्द पुरतो, मराठीत पुरत नाही. बाळ जन्मतं, आई बाळंत होते. ‘तिने मुलीला जन्म दिला’ हे बातमीत ठीक. घरात ‘तिला मुलगी झाली’ असंच म्हणतात.

माझ्यापुरता निकाल लागला तो फॉर्मवरच्या एका रकान्याने. ‘प्रीव्हियस बर्थ्स’चं शब्दाला शब्द भाषांतर होतं ‘मागील जन्म किती?’ हे वाचून आजीबाई चौऱ्याऐंशी लक्ष योनी मोजायला लागतील. ‘मागील प्रसूती किती?’ यात चूक नाही, पण ‘प्रसूती’चं अनेकवचनही ‘प्रसूती’च, त्यामुळे एकीबद्दल विचारलंय की सगळ्यांबद्दल, ते ‘किती’वर नजर जाईपर्यंत कळत नाही. ‘आधीची बाळंतपणं किती?’ म्हटलं की बाई लगेच बोटं मोजते. शिवाय या शब्दाचं गणगोत मोठं: बाळंतीण, बाळंतविडा, बाळंतशोपा. ‘प्रसूता’ कागदावरच भेटते.

सोलापूरकरांसाठी आणखी एक सोय. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत बाळंतिणीला ‘बालिंत’ म्हणतात, अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत ‘बाणंती’. मराठी जेमतेम वाचणाऱ्या सासूबाईंनाही ‘बाळंतीण’ परका वाटत नाही.

‘प्रसूती’ अगदीच टाकाऊ आहे असं नाही. डॉक्टरांच्या कागदांवर, ‘प्रसूतीची अपेक्षित तारीख’ किंवा ‘प्रसूतिपश्चात रक्तस्राव’ अशा ठिकाणी तोच शोभतो, कारण तो तेवढ्याच घटनेपुरता आहे. ‘बाळंतपण’ कळांपासून सुरू होतं आणि शेक-शेगडी, अळिवाची खीर करत सव्वा महिना चालतं. म्हणून ‘बाळंतपणाची तारीख’ लिहू नये. बोलण्यात ‘डिलिव्हरी नॉर्मल का सिझर?’ हेच चालतं. पत्रकात संवाद असेल तर ते तसंच ठेवावं, उगाच शुद्ध करू नये.

‘बाळंतपण’ निवडलंत तर एका प्रश्नाला जपा. ‘प्लेस ऑफ बर्थ’साठी ‘बाळंतपण कुठे झालं?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘माहेरी.’ बाळ दवाखान्यात झालेलं असतं. चाळीस दिवस माहेरी काढले म्हणून ती तसं सांगते, आणि घरच्या बाळंतपणांचा आकडा फुगतो. तिथे सरळ विचारावं: ‘बाळ कुठे झालं, घरी की दवाखान्यात?’ आणि पुढच्या ओळीत गावाचं नाव.