बोनेटखाली बसवायचा की डिकीत ठेवायचा? कोकणातल्या फोर बाय फोरवाल्यांसाठी कॉम्प्रेसरची तुलना

खोक्यावर "१५० पीएसआय" असं मोठ्या अक्षरात छापलेलं बघून कॉम्प्रेसर उचलणारे लोक दिसले की गंमत वाटते. थार घ्या, जिमनी घ्या, गुरखा घ्या नाहीतर जुनी जिप्सी, टायरमधे शेवटी तीस-पस्तीस पीएसआयच हवा जायची आहे आणि १५० तर दोन हजाराचं डबडं पण लिहून देतं. विचारायचं हे की समोरून ३० पीएसआयचा दाब असताना ते मिनिटाला किती लिटर हवा ढकलतं, आणि आपल्याकडे त्याच्याही आधी विचारायचं की खाऱ्या दमट हवेत ते दोन पावसाळे काढणार का. देवगड-मालवण-गुहागर पट्ट्यात बारा महिने गाडी ठेवणाऱ्याने आणि पुण्याहून वर्षातून दोनदा उतरणाऱ्याने एकच वस्तू घ्यावी असं अजिबात नाही.

आधी थोडं गणित करू, मग पुढचं सगळं सोपं जातं. थारच्या २५५/६५ आर १८ टायरमधे साधारण पासष्ट लिटर जागा असते. चिखलासाठी हवा सोडून १८ पीएसआयवर आणली होती आणि परत ३२ वर न्यायची तर १४ पीएसआय वाढवायचे, हे जवळजवळ एका वातावरणाच्या दाबाइतकं झालं, म्हणजे एका टायरला बाहेरची साठेक लिटर हवा आत कोंबायची आणि चार टायरला मिळून अडीचशे लिटर. जिमनीचा १९५/८० आर १५ टायर चाळीस लिटरच्या आसपास, तिचं काम दीडशे-एकशे साठ लिटरमधे होतं. कुठल्याही कॉम्प्रेसरची जाहिरात वाचताना हे अडीचशे आणि दीडशे डोक्यात ठेवा.

आणि हवा सोडायची तरी कशाला असं काहीजण विचारतात, त्यांना आपल्याकडचं कारण सांगतो. पुळणीवर गाडी घालायला म्हणून नाही. बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी न्यायला बंदी आहे, वेळास-आंजर्ल्याकडे वाळूत कासवांची अंडी असतात, आणि भरती आली की अडकलेल्या गाडीचं काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळे तो विषय सोडा. आपलं काम पडतं ते बागेत जाणाऱ्या पाणंदीत, व्हाळ म्हणजे ओढा उतरून पलीकडे चढताना, पावसात लाल चिखल झालेल्या घाटीत. तिथे २०-२२ वर आणलं की गाडी पकडते. जांभ्याच्या सड्यावर मात्र त्याहून खाली जाऊ नका, टायर फुगून बाजूची भिंत बाहेर येते आणि कातळाची धार नेमकी तिथेच लागते. मग परत हायवे नंबर ६६ ला लागायचं तर हवा भरायलाच हवी, कमी हवेवर ऐंशीने गाडी हाकली की टायर तापून वाट लागते.

आता पर्याय बघू.

लायटर सॉकेटवाले, दोन-तीन हजाराचे. बहुतेक गाड्यांत त्या सॉकेटचा फ्यूज १० ते १५ अँपिअरचा असतो, म्हणजे १२० ते १८० वॅटच्या पलीकडे ताकद मिळणारच नाही, कंपनी कुठलीही असो. खोक्यावर मिनिटाला ३५ लिटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या पाइपचं, टायरला लावल्यावर निम्मं धरून चाला. म्हणजे थारचे चार टायर भरायला सलग पंधरा मिनिटं तरी, आणि ते यंत्र सलग पंधरा मिनिटं चालत नाही, मधे तापतं, थांबायला लागतं, पाऊस पडत असेल तर तुम्ही छत्री धरून उभे. स्टेपनीत हवा मारायला, सकाळी एक टायर बसलेला दिसला तर पंक्चरवाल्यापर्यंत पोचायला मस्त आहे. जिमनी असेल आणि क्वचितच हवा सोडत असाल तर यावर पण भागतं, उगाच जास्त खर्च करू नका.

चार्जिंगवाले हातात मावणारे पंप पण हल्ली सगळ्यांकडे असतात. बाइकला, कारला दोन-चार पीएसआय वाढवायला ठीक, पण चार मोठे टायर १४-१४ पीएसआय वर न्यायचे म्हणजे त्या बॅटरीचा जीव तेवढा नाही. शिवाय मे महिन्यात बंद गाडीत लिथियम बॅटरी डॅशबोर्डवर टाकून जाऊ नका.

खरी लढत आहे ती बॅटरीला चिमटे लावून चालणारे सुटे कॉम्प्रेसर आणि बोनेटखाली कायमचे बोल्ट केलेले, या दोघांत.

चिमटेवाल्यांमधे व्हायएअरचा ८८पी हा जुना जाणता. १२० पीएसआय मॅक्स, साधारण २० अँपिअर खातो, मोकळ्यावर १.४७ सीएफएम (मिनिटाला घनफूट) म्हणजे मिनिटाला ४१ लिटर. त्याच कंपनीचा ४००पी ३० अँपिअर खातो आणि २.३ सीएफएम देतो, म्हणजे ६५ लिटर. हे सगळे आकडे शून्य दाबाचे, दाब वाढला की कमी होणारच, तरी थारचे चार टायर ८८पी वर आठ-दहा मिनिटांत आणि ४००पी वर त्याहून लवकर होतात, पाइप इकडून तिकडे नेण्याचा वेळ वेगळा. बिननावाचे दोन सिलिंडरवाले पण मिळतात, सहा-सात हजारापासून पुढे, त्यातले काही खरंच चांगले निघतात आणि काहींचा पाइप पहिल्याच उन्हाळ्यात चिकट होतो, त्यामुळे घेताना पाइप रबराचा आहे का आणि टायरच्या व्हॉल्व्हला लागणारं टोक पितळी आहे का एवढं तरी हाताने बघा.

बोल्ट करायच्यांमधे लोक एआरबी कंपनीचेच बघतात आणि कारण आहे. त्यांचा एका मोटरचा सिंगल, सीकेएमए १२, शून्य दाबाला मिनिटाला ७५ लिटर आणि २९ पीएसआयला ६१ लिटरच्या वर देतो, म्हणजे दाब आल्यावर पण फार कमी होत नाही, आणि हे दोन्ही आकडे कंपनी स्वतः छापते हे मला आवडतं. अडीचशे लिटरला चार-पाच मिनिटं. दोन मोटरचा ट्विन, सीकेएमटीए १२, शून्याला १७४ आणि २९ पीएसआयला जवळजवळ १३२ लिटर, म्हणजे दोन मिनिटांत काम खल्लास. पण ट्विनला करंट पण तसाच लागतो, जाड वायर, दोन फ्यूज, बोनेटखाली बऱ्यापैकी जागा, आणि फिटिंग धरून जेवढे पैसे जातात तेवढ्यात घरात एक जुनी स्कूटर येईल.

आता बायको विचारणार, की दोन मिनिटं आणि आठ मिनिटं यातला फरक एवढ्या पैशांचा आहे का. प्रश्न बरोबर आहे. एकटी गाडी असेल तर नाही. सहा गाड्यांचा ताफा घेऊन आंबोली किंवा तिलारीकडे जात असाल आणि सगळे तुमच्याच कॉम्प्रेसरवर हवा मारणार असतील तर हो, कारण मग अडीचशेचे दीड हजार लिटर होतात आणि तिथे छोटा कॉम्प्रेसर तापून बंद पडतो.

दुसरं खरं कारण म्हणजे एअर लॉकर. डिफरन्शियल लॉक, म्हणजे एक चाक घसरलं तरी डावं-उजवं चाक बरोबरच फिरवणारा, हवेवर चालणारा बसवला असेल तर त्याला शंभरेक पीएसआय कायम तयार पाहिजे, तिथे डिकीतला सुटा कॉम्प्रेसर कामाचा नाही, बसवायलाच लागणार. पण आधी स्वतःच्या गाडीत काय आहे ते बघा. थारच्या काही मॉडेलांत मागे मेकॅनिकल लॉकर येतो तो चाक घसरून नुसतंच फिरायला लागलं की आपोआप लागतो, गुरखाचे डिफ लॉक लिव्हरवर, जिमनी घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून काम भागवते. यातल्या कोणालाच हवा लागत नाही. लॉकर नाही, ताफा नाही, तरी बोनेटखाली चकचकीत कॉम्प्रेसर दिसायला पाहिजे म्हणून घेत असाल तर घ्या, हौसेला मोल नसतं, फक्त गरज म्हणून सांगू नका.

इंजिनच्या बेल्टवर चालणारा करायचा असंही जुने जीपवाले सांगतात, एसीचा कॉम्प्रेसर हवेला लावायचा. हवा भरपूर मिळते यात वाद नाही. पण एसीच्या कॉम्प्रेसरला तेल मिळतं ते गॅसबरोबर फिरून, नुसती हवा ओढायला लावली की तो कोरडा पडून जाम होतो, तेलाची वेगळी सोय करायला लागते. यॉर्कचे जुने पिस्टनवाले बरे कारण त्यांना स्वतःचं तेलाचं भांडं असतं, पण ते आता शोधणार कुठे. आजच्या गाडीत एसी काढून हे करायचं म्हणजे मे महिन्यात सावंतवाडीला घामाने आंघोळ. तेवढ्यापेक्षा चिऱ्याच्या ट्रकवाल्याशी ओळख ठेवा, एअर ब्रेकच्या टाकीतून हवा मारून देतात, चहा पाजला की झालं. कार्बन डायऑक्साइडची बाटली हा प्रकार वेगात सगळ्यांचा बाप, पण गावात भरून कोण देणार आणि उन्हात तापलेल्या डिकीत तसली बाटली ठेवायची कोणी, मी तरी नाही.

आता आपल्या हवेचं बोलू, कारण कॉम्प्रेसर इथे मरतो तो दाबाने नाही. मिठाने, पाण्याने आणि उष्णतेने मरतो.

मीठ बघा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीवर गाडी चढवता तेव्हा समोरून उडणारं पाणी ग्रिलमधून थेट बोनेटखाली येतं, आणि किनाऱ्याजवळ घर असेल तर फेरीची पण गरज नाही, वाऱ्याबरोबर येतं तेवढं पुरतं. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर पांढरी पावडर धरते, कनेक्टरच्या तांब्यावर हिरवा थर चढतो, प्रेशर स्विच चिकटतो. मोटर आयपी ५५ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) असली तरी तो आकडा मोटरचा, बाकीच्या जोडण्यांचा नाही. पाणी म्हणाल तर तीस डिग्रीला पंच्याऐंशी टक्के दमटपणा असलेल्या एक घनमीटर हवेत पंचवीसेक ग्रॅम पाणी असतं, म्हणजे थारचे चार टायर भरताना तुम्ही चमचाभर पाणी पण ओढून घेता. टायरला त्याने काही होत नाही. पण हवेची टाकी लावली असेल तर दाबाखाली तेच पाणी टाकीच्या तळाशी साठतं आणि लोखंडी टाकी आतून गंजते, म्हणून तळाला ड्रेन पाहिजे आणि पावसाळ्यात तो खरोखर उघडला पण पाहिजे. लॉकरच्या सोलेनॉइडमधे (हवा सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हमधे) पाणी गेलं की नेमका गरजेच्या वेळी लॉकर लागत नाही. टायरपुरतं काम असेल तर टाकी लावूच नका.

उष्णतेचं गणित तर कोणी सांगतच नाही. ड्यूटी सायकल ३३ टक्के म्हणजे अर्ध्या तासात दहा मिनिटं चालवा, वीस मिनिटं थांबा. व्हायएअर ही चाचणी १०० पीएसआयला आणि २२ डिग्रीच्या आसपासच्या हवेत मोजतं. आपल्याकडे २२ डिग्री जानेवारीच्या पहाटे असते. चिखलातून लो रेंजमधे, म्हणजे फोर बाय फोरच्या कमी वेगाच्या जास्त ताकदीच्या गिअरमधे, गाडी ओढून आल्यावर बोनेटखाली किती तापलेलं असतं ते हात घालून बघा, तिथे बसवलेला कॉम्प्रेसर सुरू व्हायच्या आधीच अर्धा तापलेला असतो आणि थर्मल कट (तापल्यावर आपोआप बंद होणं) लवकर लागतो. सुटा कॉम्प्रेसर मात्र तुम्ही झाडाच्या सावलीत जमिनीवर ठेवता, काम झालं की पुसून डब्यात, पुढच्या वेळेपर्यंत मिठाचा वारा त्याला लागत नाही.

म्हणून माझं मत असं, की किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या आत गाडी राहत असेल आणि एअर लॉकर नसेल तर २० ते ३० अँपिअरचा चिमटेवाला घ्या आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. बसवायचाच असेल तर बोनेटखाली न बसवता सीटखाली किंवा डिकीच्या बाजूच्या पॅनेलमधे बसवून घ्या, वायर लांब जाते, आवाज आत येतो, पण कॉम्प्रेसर कोरडा आणि थंड राहतो. घाटावर राहणारे, कोल्हापूर-कराडकडून गगनबावडा नाहीतर कुंभार्ली उतरून येणारे, त्यांनी खुशाल बोनेटखाली बसवावा, परत गेल्यावर गोड्या पाण्याने बाहेरून धुतला की पुरे, तो पण थंड झाल्यावर आणि प्रेशर वॉशर न मारता.

वायरिंगमधे कंजुषी करू नका. ३० अँपिअरला किमान ६ स्क्वेअर एमएमची वायर, मागे डिकीपर्यंत न्यायची तर १० ची. कथिल चढवलेली तांब्याची वायर मिळाली तर तीच, बोटीवाल्यांच्या दुकानात विचारा, रत्नागिरी-मालवणला अशी दुकानं आहेत. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कॉम्प्रेसरच्या जवळ नाही, कारण मधे वायर घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवायला तो असतो. गाडीच्या मूळ वायरिंगला कुठे चिरा मारायचा नाही, सरळ बॅटरीवरून रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावून लाइन घ्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी सर्विस सेंटरवाले तेच दाखवतात. हवा भरताना इंजिन चालू ठेवा, बंद इंजिनवर बॅटरी बारा व्होल्टच्या खाली जाते आणि कॉम्प्रेसर रडत चालतो. आणि चालू असताना पाइपवरचा काटा जास्त दाखवतो, त्यामुळे बंद करून मग आकडा वाचा, आणि पितळी टोक काढताना हाताला फडकं घ्या, चार टायरनंतर ते चटका बसण्याइतकं तापलेलं असतं.