फ्लोरिडा १८७६: नवी पेठेतली पुस्तिका घ्यावी का?

सोलापुरात नवी पेठेत जागतिक इतिहासाच्या सुट्या पुस्तिका झेरॉक्सवर मिळतात. त्यांतली अमेरिकेच्या १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीवरची, फक्त फ्लोरिडापुरती पुस्तिका मराठी माध्यमातून यूपीएससी मुख्य परीक्षा देणाऱ्यांनी घ्यावी. पण मधली पानं जपून वाचावीत.

पहिल्या पानावरचं गणित चोख आहे. एकूण इलेक्टोरल मतं (राज्यांच्या निवडक प्रतिनिधींची, अध्यक्ष ठरवणारी मतं) ३६९, बहुमताला १८५. डेमोक्रॅट टिल्डन १८४ वर अडकले, रिपब्लिकन हेज १६५ वर. वादात २०, त्यांत फ्लोरिडाची ४. टिल्डनना एक मत पुरत होतं, हेजना वीसच्या वीस लागत होती. हे पक्कं झाल्याशिवाय पान उलटू नका.

पुढे मात्र पुस्तिका घसरते. ‘मोजणीत घोळ झाला’ एवढंच म्हणून ती थेट वॉशिंग्टनला पोहोचते. खरी मेख राज्याच्या मतपडताळणी मंडळात होती. सदस्य तीन: दोन रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट. खोटं किंवा फसवं वाटलेलं निकालपत्रक वगळण्याचा अधिकार त्यांना कायद्यानेच होता. त्यात मतपत्रिका पक्षच छापत, त्यामुळे कोण कोणाला मत देतंय ते उघड दिसे. दमदाटीला आणि फसवणुकीला, दोन्हींना वाव. कुठलं पत्रक धरायचं, कुठलं टाकायचं, यावर निकाल फिरत होता. मंडळाने हेजना २३,८४९ आणि टिल्डनना २२,९२७ मतं दिली: फरक फक्त ९२२.

राज्याची चार मतं कोणाची हे सांगणाऱ्या प्रमाणपत्रांचीही गल्लत आहे. पुस्तिका दोन सांगते, वॉशिंग्टनला गेली तीन. पहिलं गव्हर्नर स्टर्न्सचं, हेजच्या बाजूचं. दुसरं अ‍ॅटर्नी जनरल कॉक यांच्या सहीचं, टिल्डनसाठी. तिसरं जानेवारी १८७७ मध्ये नवे गव्हर्नर ड्रू यांचं, तेही टिल्डनसाठीच. तिसरं समासात लिहून घ्या, नाहीतर हा तंटा सोडवायला अमेरिकी संसदेने नेमलेल्या आयोगापुढचा वाद अर्धाच कळतो.

आयोगाचा भाग चांगला आहे: सिनेटचे ५, प्रतिनिधीगृहाचे ५, सर्वोच्च न्यायालयाचे ५. राज्याच्या मंडळाच्या निकालामागे जाऊन पुन्हा पुरावा तपासायचा नाही, असं ८ विरुद्ध ७ ने ठरलं आणि चारही मतं हेजना गेली. न्यायमूर्ती डेव्हिस सिनेटवर निवडून गेल्यामुळे त्यांच्या जागी ब्रॅडली आले, हेही नेमकं दिलंय.

नकाशा मूळचा रंगीत, झेरॉक्समध्ये सगळे जिल्हे एकाच राखाडी छटेत; निरुपयोगी. बांधणी स्पायरलचीच मागा, गोंदाची सोलापूरच्या मे महिन्यात सुटते. वादातल्या लुइझियाना आणि दक्षिण कॅरोलिना या राज्यांच्या पुस्तिका वेगळ्या घ्याव्या लागतात. ओरेगॉनच्या एका मताचा वाद मात्र कुठल्याच पुस्तिकेत नाही.