सपाट प्लेटचा सँडविच ग्रिलर: कित्येक महिन्यांच्या वापरानंतर

त्रिकोणी साच्याचा सँडविच मेकर घ्यावा की सपाट प्लेटचा ग्रिलर, याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. सँडविच पोटभरीचं आणि पौष्टिक हवं असेल तर सपाट प्लेटच घ्या. साचा ब्रेडच्या कडा दाबून बंद करतो, त्यामुळे आत सारण मावतं ते जेमतेम. जरा जास्त भरलं की कडेने फुटून बाहेर येतं. शेवटी पोटात जातो तो मुख्यतः ब्रेडच. सपाट प्लेटच्या ग्रिलरची वरची प्लेट सारणाच्या जाडीप्रमाणे उचलली जाते आणि तरीही ब्रेडवर सगळीकडे सारखी टेकते. दुकानात बघताना झाकण हाताने वर-खाली करून एवढं नक्की तपासा. काहींची बिजागरी घट्ट असते, मग मागची बाजू चेपते आणि पुढची कच्ची राहते. माझ्या सँडविचमध्ये सारणाचा थर दोन्ही स्लाइसपेक्षा जाड असतो आणि या ग्रिलरवर ते व्यवस्थित होतं.

मात्र यंत्र कितीही चांगलं असलं तरी सँडविच बिघडवतं ते पाणी. ब्रेडला खरपूस रंग यायचा तर त्याचा पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे तापावा लागतो, आणि ओल असेपर्यंत तापमान १०० च्या आसपासच घुटमळतं. टोमॅटो आणि काकडीत तर ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच. म्हणून टोमॅटोच्या बिया आणि गर काढून टाकायचा, चकत्यांना चिमूटभर मीठ लावायचं आणि ब्रेड काढेपर्यंत त्या टिश्यू पेपरवर ठेवायच्या. कागद ओलाचिंब झालेला दिसला की समजायचं, हे सगळं ब्रेडमध्ये मुरलं असतं. काकडी आणि लेट्यूस मी ग्रिलमध्ये घालतच नाही. सँडविच भाजून झालं की उघडायचं, आत सरकवायचं, बंद करायचं. गरम-गार एकत्र लागतं ते फार छान. ब्रेडला आतून लोण्याचा पातळ हात किंवा चीजची स्लाइस लावली की ओल आत शिरत नाही. लोणी लावायचं ते याचसाठी, चवीपुरतं नाही.

ब्रेड घेताना पाकिटाचा पुढचा भाग सोडून मागची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पहिलं नाव संपूर्ण गव्हाच्या पिठाचं हवं. ब्राउन ब्रेडचा रंग कॅरॅमलमुळेही येऊ शकतो आणि ‘मल्टिग्रेन’चा अर्थ फक्त अनेक धान्यं, अख्खी धान्यं नव्हे. ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो. मी पाकीट आणलं की स्लाइस सुट्या करून थेट फ्रीझरमध्ये टाकते. गोठलेली स्लाइस तशीच ग्रिलरवर चालते, मिनिटभर जास्त लागतं इतकंच. सकाळच्या घाईत या यंत्राचा सगळ्यात मोठा उपयोग मला हाच वाटतो.

आता आवडती सारणं. पहिला मान काबुली चण्यांचा. शिजवलेले चणे पूर्ण निथळायचे आणि काट्याने ठेचायचे, मिक्सरला लावायचे नाहीत. अर्धे अख्खे, अर्धे पिठूळ राहिले पाहिजेत, म्हणजे खाताना दाताखाली येतात आणि सारण घसरतही नाही. त्यात घट्ट चक्का, लिंबाचा रस, मिरपूड, बारीक चिरलेला कांदा आणि ठेचलेला लसूण. शिजवलेल्या चण्यांत १०० ग्रॅमला साधारण ९ ग्रॅम प्रथिनं असतात आणि भरपूर तंतू, त्यामुळे दुपारपर्यंत भूक आठवत नाही. हे सारण फ्रिजमध्ये तीन दिवस छान टिकतं. फक्त कांदा आयत्या वेळी घाला, नाहीतर त्याला पाणी सुटतं.

मशरूम आवडत असतील तर ते मोठ्या आचेवर, मीठ न घालता, पाणी पूर्ण आटेपर्यंत परता. कडा तपकिरी झाल्यावर मीठ आणि लसूण. सोबत परतून घट्ट पिळलेला पालक आणि थोडं चीज. उकडलेलं अंडं, मोहरीचा सॉस आणि मिरपूड हे तर डोळे मिटून जमतं. सफरचंदाच्या कागदासारख्या पातळ चकत्या आणि मुरलेलं चीज ही जोडी ऐकायला विचित्र वाटेल, पण एकदा कराच. गोड हवं तर पीनट बटर, केळं आणि दालचिनी. पीनट बटर साखर न घातलेलं घ्या आणि पातळच लावा, कारण त्याचं निम्मं वजन स्निग्धांशाचंच असतं.

यंत्राबद्दल तक्रारी आहेत. प्लेट निघत नाहीत, त्यामुळे नळाखाली धुता येत नाही. बाहेर आलेलं चीज मागच्या खाचेत जाऊन जळतं आणि तिथे कापड पोचत नाही. मी जुना मऊ टूथब्रश त्यासाठीच ठेवलाय. तापमान कमी-जास्त करायची सोयही नाही, नुसता दिवा लागतो. पुन्हा घ्यायची वेळ आली तर निघणाऱ्या प्लेटचाच घेईन, थोडे जास्त पैसे गेले तरी. नॉनस्टिक थर मात्र अजून शाबूत आहे. सँडविच लाकडी उलथन्यानेच काढते, प्लेट कोमट असतानाच ओल्या कापडाने पुसते आणि तेल प्लेटवर न घालता ब्रेडला ब्रशने लावते. तेलाच्या स्प्रेचा चिकट थर बसतो, तो नंतर निघता निघत नाही.

डब्यात द्यायचं असेल तर भाजलेलं सँडविच आधी जाळीवर पूर्ण गार करा. गरम असताना बंद केलं की स्वतःच्याच वाफेने लिबलिबीत होतं. अंड्याचं किंवा चक्क्याचं असेल तर दोन तासांत खाल्लं जाणार असेल तरच बाहेर ठेवा, नाहीतर डब्यासोबत बर्फाची पिशवी द्या.

घरात खाणारी माणसं जास्त असतील तर मात्र हा ग्रिलर पुरत नाही. एका वेळी दोनच सँडविच होतात आणि शेवटच्याचं होईपर्यंत पहिल्याचं गार झालेलं असतं. अशा दिवशी मी ओव्हन २०० अंशांवर तापवते, सगळी सँडविच एका ट्रेमध्ये मांडते आणि वर दुसरा जड ट्रे ठेवते.