टॅग आणि नियमांवर चालणारी बातम्यांची साइट: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या बातम्यांची साइट आम्ही वर्डप्रेस या साइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालवतो. तालुक्याच्या बातम्या, बाजारभाव, पावसाचे इशारे, निधनवार्ता, नोकरभरती, सगळं तिच्यावर येतं. पूर्वी होमपेजवर काय वर आणि काय खाली, हे डेस्कवरचा माणूस दिवसभर हाताने लावत बसायचा. गेल्या खरिपाच्या पेरण्यांच्या सुमारास आम्ही पद्धत बदलली. बातमी टाकणाऱ्याने तिला टॅग, म्हणजे विषयाच्या छोट्या खुणा, लावायचे. ती कुठे दिसेल, किती वेळ दिसेल आणि तिच्या खाली काय येईल हे नियमांवर सोडायचं. आता ही पद्धत सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे आणि मला ती मनापासून पटली आहे. मात्र यात सोपं काय आणि घाम काढणारं काय, हे सुरुवातीला कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सोपे आहेत ते दाखवण्याचे नियम. वर्डप्रेसमध्ये टॅग २००७ पासून आहेत, आणि २०२१ मध्ये ५.८ या आवृत्तीत क्वेरी लूप नावाचा ब्लॉक (पानावर ठेवायचा तयार तुकडा) आला. ‘या टॅगच्या शेवटच्या पाच बातम्या इथे दाखव’ हे त्यात कोडशिवाय होतं. एकच गोष्ट ध्यानात ठेवा: दोन टॅग निवडले तर दोन्हींपैकी कोणताही एक असलेली बातमी येते. दोन्ही असलेलीच हवी असेल तर थोडं कोड लिहावं लागतं.

आमचा खरा फायदा झाला तो न दाखवण्याच्या नियमांनी. हंगामात सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे भाव दिवसातून अनेकदा टाकावे लागतात, आणि ‘ताज्या बातम्या’ उघडल्या की वाचकाला फक्त भावच दिसायचे. आता ‘बाजारभाव’ खूण असलेली पोस्ट त्या यादीतून वगळली जाते आणि स्वतःच्या चौकटीत जाते. शिवाय पोस्ट दोन दिवसांपेक्षा जुनी झाली की वर पिवळी पट्टी येते: ‘हा भाव जुना आहे.’ व्हॉट्सॲपवर जुनी लिंक फिरत राहते आणि शेतकरी ती पाहून माल बाजारात न्यायचा की नाही हे ठरवतो, त्यामुळे ही पट्टी मला साइटवरच्या कुठल्याही सजावटीपेक्षा मोलाची वाटते.

पावसाच्या इशाऱ्यांनी वेळेचा नियम शिकवला. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा आला की बातमी सगळ्यात वरच्या पट्टीत गेलीच पाहिजे, आणि मुदत संपली की तिथून उतरलीही पाहिजे. टॅग स्वतःहून शिळा होत नाही. म्हणून ‘इशारा’ खूण आणि गेल्या बारा तासांत प्रसिद्ध झालेली, अशी जोड अट ठेवली. तरीही काही वाचकांना कालचा इशारा दिसायचा. कारण होतं कॅशे, म्हणजे पान पटकन उघडावं म्हणून साठवून ठेवलेली त्याची प्रत. नवी पोस्ट पडली की साठवलेलं पान बदलतं, पण नुसती वेळ उलटली म्हणून ते बदलत नाही. आणि लॉगिन केलेल्या माणसाला सहसा ताजं पान दिसतं, त्यामुळे ऑफिसात सगळं ठीक वाटतं. होमपेजच्या कॅशेची मुदत दहा मिनिटांवर आणली, तेव्हा हा प्रकार थांबला. नियम तपासायचा तर लॉगिन नसलेल्या मोबाइलवर तपासा.

आता मराठीत काम करणाऱ्यांनी नीट वाचावं असा भाग. ‘शेतकऱ्यांचे प्रश्न’ हा टॅग आमच्याकडे दोनदा तयार झाला होता. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. पण एका कीबोर्डवरून ‘ऱ्या’ मधला र हे स्वतंत्र अक्षर म्हणून येतो, तर दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असा. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. ‘ॲप’ मधल्या ॲचंही तसंच. डोळ्यांनी शोधून हे सापडत नाही. सगळे टॅग बाहेर काढून एकाच पद्धतीने लिहून घ्यावे लागतात. ‘निवडणूक’ आणि ‘निवडणुका’ ही जोडी त्यामानाने सोपी, दिसते तरी. जुळे टॅग एकत्र करायची सोय मूळ वर्डप्रेसमध्ये नाही, त्यासाठी प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं सॉफ्टवेअर, लागतो.

स्लग म्हणजे पानाच्या वेब पत्त्यात येणारं टॅगचं नाव. त्याचीही अशीच अडचण आहे. वर्डप्रेस स्लगला २०० जागा देतं, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह त्यात नऊ जागा खातं. मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. ‘जिल्हा परिषद निवडणूक निकाल’ एवढा टॅग घेतला तरी शेवटच्या ‘काल’ मधला काना आणि ‘ल’ बाहेर पडतात. त्याला पुढे वर्ष जोडलं तर ते स्लगमध्ये येतच नाही. नियम कोडात स्लगवर टांगलेला असेल तर हा गोंधळ शोधण्यात अख्खा दिवस जातो. टॅगचं नाव मराठीत आणि स्लग छोटा, रोमन लिपीत, हेच बरं.

गावांची नावं बदलली तेव्हा पद्धतीची परीक्षा झाली. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, २०२४ मध्ये अहिल्यानगर. टॅगचं नाव बदललं तरी स्लग जुनाच राहतो, त्यामुळे जुन्या लिंक मोडल्या नाहीत. अडचण आली ती आपोआप टॅग लावणाऱ्या नियमात. मजकुरात ‘औरंगाबाद’ सापडलं की शहराचा टॅग लाव, असा तो नियम होता. पण उच्च न्यायालयाचं खंडपीठ बातम्यांत अजून अनेकदा ‘औरंगाबाद खंडपीठ’ म्हणून येतं, आणि तिथे नंदुरबारपासून अहिल्यानगरपर्यंतची प्रकरणं चालतात. नंदुरबारच्या जमिनीचा खटला संभाजीनगर शहराच्या चौकटीत दिसायला लागला. शब्द ओळखून टॅग लावणारे नियम आम्ही त्यानंतर बंद केले. बातमी कशाबद्दल आहे हे माणसानेच वाचून ठरवावं, या मताचा मी आता पक्का आहे.

ज्या नियमांसाठी ही सगळी खटपट सार्थकी लागली, ते पुढचे दोन. आमच्या भागात शेतकरी आत्महत्येच्या बातम्या येतात, आणि त्या द्याव्याच लागतात. पूर्वी अशा बातमीखाली ‘संबंधित बातम्या’ या नावाखाली तशाच आणखी चार बातम्या, फोटोंसह, एकाखाली एक लागायच्या. आधीच खचलेल्या माणसाच्या हातात तो फोन असेल तर? प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये आत्महत्येच्या वार्तांकनासाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या आहेत: बातमी ठळक जागी नको, पुन्हा पुन्हा नको, पद्धतीचं वर्णन नको. आता ती खूण लागली की बातमी वरच्या पट्टीत जात नाही, संबंधित बातम्या आणि जाहिराती बंद होतात, आणि मजकुराखाली मानसिक आरोग्यासाठीच्या टेलीमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात येतो. उपसंपादक रात्री कितीही थकलेला असो, तो नंबर राहून जात नाही.

दुसरा नियम पीडितेची किंवा अल्पवयीन मुलांची ओळख जपण्याचा. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणाऱ्या पॉक्सो कायद्याचं कलम २३ नाव आणि ओळख उघड करायला मनाई करतात, हे प्रत्येक वार्ताहराला माहीत असतं. पण ओळख मजकुरातून जात नाही तिथे टॅगमधून जाते. एका बातमीवर गावाचा टॅग, दुसऱ्यावर शाळेचा, आणि खाली संबंधित बातम्या लागल्या की गावातला कोणीही दोन आणि दोन चार करतो. म्हणून ‘ओळख गोपनीय’ खूण असेल तर गावाचा टॅग बातमीवर दिसत नाही, गावाच्या पानावर ती बातमी येत नाही, प्रतिक्रिया बंद राहतात. फोटोबाबत आणखी एक काळजी घ्या. पानावरून फोटो लपवला तरी व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की झलकीत तोच फोटो दिसू शकतो, कारण झलकीसाठीचा फोटो वेगळ्या ठिकाणाहून उचलला जातो. नियम तिथेही लागू करावा लागतो.

प्रायोजित मजकुराचं थोडक्यात: खूण लागली की मजकुराच्या वर तसं सांगणारी पट्टी येते आणि तो ताज्या बातम्यांत जात नाही. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवारांचे फोन येतात, तेव्हा ‘साइटचा नियमच तसा आहे’ असं सांगता येतं.

सुरुवात करणाऱ्याने पहिल्याच दिवशी करावं असं एक काम आहे. वर्डप्रेसमध्ये लेखकाला नवी कॅटेगरी काढता येत नाही, पण टॅग मात्र टाइप करता करता कोणीही नवा काढतो. अशा मोकळ्या टॅगवर नियम टांगू नयेत. आम्ही नियमांच्या खुणांसाठी वेगळी टॅक्सॉनॉमी, म्हणजे वर्गीकरणाची स्वतंत्र यादी, केली: ठरलेल्या सात-आठ खुणा, चौकोनात टिक करायच्या, नवीन काढायचा अधिकार फक्त संपादकाला. गाव, पीक, माणसं, खेळ यांचे टॅग नेहमीसारखे मोकळे. तेव्हापासून टॅगच्या शुद्धलेखनामुळे नियम चुकला असं झालेलं नाही.

एक काम अजून बाकी आहे. ब्लॉकमधले नियम आणि होमपेजपुरतं लिहिलेलं कोड आरएसएस फीडला, म्हणजे इतर ॲप आपोआप वाचतात त्या बातम्यांच्या यादीला, लागू होत नाही. आमच्या फीडमधून बातम्या उचलणाऱ्या ॲपमध्ये बाजारभाव अजून रांगेने दिसतात. त्याहून महत्त्वाचं, लपवलेला गावाचा टॅग फीडमध्ये बातमीसोबत जातो. गोपनीय खुणेच्या बातम्या सध्या फीडमधून पूर्णच काढल्या आहेत; बाकीचे फीडचे नियम लिहायचं काम चालू आहे.